फवारा किती दिवस मारायचा?

दहावीच्या वर्गातली एक मुलगी. सकाळची प्रार्थना सुरू झाली की हिच्या शिंका सुरू. एक नाही, दोन नाही, ओळीने दहा-बारा. आधी मुले हसत, पुढे पुढे ती मोजू लागली. पावसाळा असो की उन्हाळा, तिचे नाक वाहत तरी असे किंवा चोंदलेले तरी असे. रात्री तोंड उघडे ठेवून झोपायचे, सकाळी घसा कोरडा, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. अखेर आईने तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाकात मारायचा एक फवारा लिहून दिला. पहिले चार-पाच दिवस काही फरक दिसेना, पण पंधरवड्यात शिंका जवळजवळ थांबल्या.

महिन्याभराने त्या पुन्हा सुरू झाल्या. विचारले तर म्हणाली, "सर, फवारा बंद केला. मामा म्हणाला, त्यात स्टिरॉइड असतं, सवय लागते. आता गोळी घेते." गोळी कोणती, हे विचारायची गरज नव्हती. तिसऱ्या तासाला तिची मान बाकावर टेकलेली असे.

मामांनी उगाच घाबरवले असे मात्र मला म्हणवत नाही. गोरे होण्यासाठी म्हणून स्टिरॉइडची मलमे महिनोन् महिने चोपडून चेहऱ्याची कातडी पातळ करून घेतलेली माणसे आपल्या आसपास आहेत. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारला २०१८ साली करावा लागला. तेव्हा भीती निराधार नाही. प्रश्न एवढाच, की मलमाची, गोळीची आणि फवाऱ्याची भीती एकाच मापाने मोजायची का? आणि ज्याचे दुखणे बारमाही आहे त्याने फवारा बारमाही मारला तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळालेली नाहीत. ती कशी मिळाली, हे पाहण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

१६ मार्च १८१९ रोजी लंडनच्या एका वैद्यक सभेत जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने एका रुग्णाची हकिकत वाचली. रुग्णाचे नाव 'जे. बी.', वय ४६. दर वर्षी जूनच्या सुमारास डोळे लाल होतात, खाजतात, शिंकांचे सत्र सुरू होते, छाती भरून येते. लहानपणापासून हे असेच चालू आहे. हा जे. बी. म्हणजे स्वतः जॉन बॉस्टॉकच होता. आणखी रुग्ण शोधण्यात त्याची नऊ वर्षे गेली आणि सापडले अवघे २८. त्या काळी हा आजार खरोखरच एवढा विरळ होता, की लोक शिंकांसाठी डॉक्टरकडे जातच नव्हते, कोण जाणे. उन्हाच्या तडाख्याने हे होते असे बॉस्टॉकचे मत पडले. ते चुकीचे होते.

बरोबर उत्तर मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकले याने काढले. त्यालाही हाच आजार होता, म्हणजे प्रयोगशाळा स्वतःच्या नाकातच! गवताचे परागकण त्याने नाकात ओढून पाहिले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर लावून पाहिले. हवेत पराग किती असतात हे मोजण्यासाठी चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवल्या, आणि उंचावरच्या हवेत काय आहे हे बघायला त्या पट्ट्या पतंगाला बांधून आकाशात चढवल्या. पट्टीवरचे पराग वाढले की त्याच्या शिंका वाढत. हे सारे त्याने १८७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. काचपट्टी, व्हॅसलीन आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर ब्लॅकलेचा हा प्रयोग आपल्याही शाळेच्या गच्चीवर करता येतो. पावसाळ्यानंतर केला तर गाजरगवताचे पराग सापडण्याची शक्यता मोठी. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आता देशभर पसरले आहे आणि नाकाच्या अ‍ॅलर्जीचे ते एक कारण आहे.

पण परागांचा हंगाम असतो. वर्षभर शिंकणाऱ्यांचे काय? त्यांचा शत्रू घरातच असावा, धुळीत असावा, असा संशय जुनाच होता. तथापि धूळ म्हणजे शंभर गोष्टींची खिचडी. त्यातली नेमकी कोणती? १९६४ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाद्यांच्या आणि जमिनीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारा एक जीव दाखवून दिला. हा कोळ्याच्या गोत्यातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या एक तृतीयांश लांबीचा माइट. आपल्या अंगावरून रोज झडणारी मृत त्वचा हे त्याचे अन्न आणि हवेतला ओलावा हे त्याचे पाणी. मुंबई-कोकणासारखी दमट हवा त्याला फार मानवते. पुढे १९८१ साली असे आढळले, की त्रास मुख्यतः या माइटच्या विष्ठेच्या कणांचा असतो. गादी झटकली की ते उडतात आणि परागांप्रमाणेच नाकात जाऊन बसतात. (खडूच्या धुळीला मात्र फुकट दोष देऊ नये. तिने नाक चुरचुरते, आधीच बिघडलेले नाक अधिक बिघडते, पण ती बहुधा अ‍ॅलर्जीचे मूळ नसते.)

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला. अर्थ, 'बदललेली प्रतिक्रिया'. आपला 'वावडे' हा शब्द तितकाच नेमका आहे. निरुपद्रवी वस्तूला शरीर शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. आयजीई नावाची ही प्रतिपिंडे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे ओळखली. ती नाकाच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. पराग किंवा माइटचा कण आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात आणि शिंका, खाज, पाणी सुरू होते. काही तासांनी दुसरी लाट येते. रक्तातून इतर पेशी तिथे गोळा होतात, अस्तर सुजते, नाक चोंदते. रोजच माइटशी गाठ पडणाऱ्याच्या नाकात ही दुसरी लाट कधी ओसरतच नाही. बारमाही अ‍ॅलर्जीतला मुख्य त्रास शिंकांपेक्षा हा चोंदण्याचा असतो.

हिस्टामिनला अडवणारी औषधे १९४० च्या दशकात बाजारात आली. त्यांनी शिंका थांबल्या, खाज थांबली, चोंदणे फारसे गेले नाही आणि झोप मात्र अनावर येऊ लागली. कारण ही जुनी औषधे मेंदूत शिरतात. पुढे कमी झोप आणणाऱ्या गोळ्या निघाल्या, तरी आपल्याकडे जुन्या स्वस्त गोळ्या अजून सर्रास घेतल्या जातात. शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. पंधरा ते सतरा वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांची सराव परीक्षेतील आणि अंतिम परीक्षेतील श्रेणी ताडून पाहिली. परीक्षेच्या दिवसांत नाकाच्या अ‍ॅलर्जीने बेजार असलेल्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक होती. त्यांपैकी जे झोप आणणाऱ्या गोळ्या घेत होते, त्यांच्यात ती ७० टक्क्यांनी अधिक होती. आमच्या दहावीतल्या मुलीने फवारा सोडून नेमकी हीच अदलाबदल केली होती.

संधिवाताकडून नाकाकडे

स्टिरॉइडची कथा नाकापासून फार दूर, सांध्यांच्या दुखण्यात सुरू होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी १९२९ साली एक नवल पाहिले. आमवाताने जखडलेल्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले! गरोदरपणातही स्त्रियांचा आमवात कमी होतो, असे त्यांना दिसले. शरीरात काहीतरी तयार होत असले पाहिजे, जे या आजाराला दाबते. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक संयुग वेगळे करत होते. बाझलला टाडेउश राइखश्टाइन यांचेही तेच काम चालू होते. त्यांतल्या एका संयुगाला केंडल यांनी 'ई' म्हटले होते. ते पुरेसे मिळावे म्हणून मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्या चढत ते कृत्रिमरीत्या बनवले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. आठवड्याच्या आत ती हिंडूफिरू लागली. संयुग 'ई' चे नाव पुढे कॉर्टिसोन झाले, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना मिळाले. शोधानंतर दोनच वर्षांत!

'स्टिरॉइड' हे काही एका औषधाचे नाव नाही, हे इथेच सांगून टाकतो. कार्बनची सहा-सहा अणूंची तीन कडी आणि पाच अणूंचे एक, अशी चार कडी एकमेकांना जोडलेला सांगाडा ज्या ज्या रेणूत आहे, तो स्टिरॉइड. कोलेस्टेरॉल स्टिरॉइड आहे, स्त्री-पुरुषांची लैंगिक संप्रेरके स्टिरॉइड आहेत. दंड फुगवण्यासाठी व्यायामशाळेत चोरून घेतात ते पुरुषी संप्रेरकाचे भाऊबंद. कॉर्टिसोनचे घराणे निराळे.

पित्तापासून बनवलेले कॉर्टिसोन सोन्याहून महाग होते. मेक्सिकोच्या रानातील एका कंदापासून रसेल मार्कर यांनी आधीच प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळवले होते. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या प्रोजेस्टेरॉनमध्ये सर्वांत अवघड जागी ऑक्सिजनचा अणू बसवण्याचे काम एका बुरशीकडून करून घेतले. शिळ्या पावावर उगवते, तिच्याच कुळातली ही बुरशी. कारखान्यात अनेक पायऱ्यांनी जे होत होते ते तिने एका झटक्यात केले. किंमत कोसळली, औषध घरोघर पोचले आणि त्याबरोबर त्याचे दुसरे रूपही.

चेहरे चंद्रासारखे वाटोळे झाले, रक्तदाब व रक्तातली साखर चढली, हाडे ठिसूळ झाली, मुलांची वाढ खुंटली. आपले शरीर रोज दहा-वीस मिलिग्रॅम कॉर्टिसॉल स्वतः बनवते. हेंच यांच्या रुग्णांना रोज १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन दिले जात होते. यात सर्वांत फसवा धोका ग्रंथींचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसे हे आहे. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. तुम्ही वरून बादल्यांनी पाणी ओतत राहिलात तर नळ उघडायचे कारणच उरत नाही. महिनोन् महिने असे केले तर तो गंजतो. मग एक दिवस ओतणे एकाएकी थांबवा, टाकी कोरडी! रक्तात बाहेरचे स्टिरॉइड फिरू लागले की मेंदूतली पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देणे थांबवते आणि त्या आक्रसतात. कॉर्टिसोन घेणारा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला व त्याच्या ग्रंथी सुकलेल्या आढळल्या, ही नोंद १९५२ सालीच प्रसिद्ध झाली. 'स्टिरॉइड' या शब्दाला जी काळी छटा आली ती या दशकात, आणि योग्य कारणांनी आली. आमच्या मुलीचे मामा, त्यांना ठाऊक नसले तरी, १९५० च्या दशकातले बोलत होते.

मग डॉक्टरांना साधा विचार सुचला. दुखणे कातडीवर आहे तर औषध कातडीवरच का लावू नये? १९५२ साली झुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम वापरून इसब बरा केला. (कॉर्टिसोनचे मलम मात्र निरुपयोगी ठरले, कारण ते यकृतात जाऊन हायड्रोकॉर्टिसोन बनल्यावरच कामाला लागते. कातडीवर त्याला यकृत कुठले मिळणार?) त्याच धर्तीवर नाकातही स्टिरॉइड मारून पाहिले गेले. १९६० च्या दशकात डेक्सामेथासोन या जबर औषधाचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत वापरात आला. नाक मोकळे झाले, सारे खूश झाले. पण बाल्टिमोरच्या नॉर्मन व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथींची तपासणी करून १९६७ साली दाखवले, की हा फवारा नाकात थांबतच नाही. रक्तात उतरतो आणि ग्रंथींचे काम दाबतो. म्हणजे नाकातून घेतलेली गोळीच ती! फवाऱ्याचे रूप धारण केल्याने औषध निर्धोक होत नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

आता हवे होते ते असे स्टिरॉइड, जे लावल्या जागी प्रबळ असेल आणि रक्तात पोचताच निकामी होईल. असा रेणू ओळखायचा कसा? इथे त्वचारोगतज्ज्ञांची एक युक्ती उपयोगी पडली. स्टिरॉइड कातडीवर लावले की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा फिकट पडते. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी याचीच कसोटी बनवली. स्वयंसेवकांच्या हातावर वेगवेगळ्या स्टिरॉइडचे ठिपके लावायचे आणि किती पातळ द्रावणापर्यंत पांढरा डाग उमटतो ते पाहायचे. उपकरण काही नाही. हात आणि डोळे. या कसोटीत उत्तम उतरलेल्यांपैकी एक होते ग्लॅक्सो कंपनीचे बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट. कंपनीतले डेव्हिड जॅक यांना वाटले, की कातडीसाठी बनवलेले हे औषध श्वासातून का देऊ नये? १९७२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ते दम्यात यशस्वी झाल्याचे कळवले आणि १९७३ साली डेन्मार्कच्या नील्स मायगिंड यांनी ते नाकात वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतक्या थोड्या मात्रेत, ग्रंथींना फारसा धक्का न लावता नाक मोकळे करणारा हा पहिला फवारा. स्वीडनमध्ये बुडेसोनाइड निघाले. १९९० च्या दशकात फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन आले. सुरुवातीचे फवारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूच्या दाबाने उडत. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रिऑलचा करार झाला, मग पाण्यात कालवलेल्या औषधाचे हातपंप रूढ झाले. फ्लुटिकासोनच्या काही फवाऱ्यांना गुलाबासारखा वास येतो. तो त्यात घातलेल्या फिनाइल इथाइल अल्कोहोलचा. गुलाबाच्या अत्तरातही हेच रसायन असते.

वर्षानुवर्षे म्हणजे काय?

आता मूळ प्रश्न. मलमाने कातडी पातळ होते, तर मग फवाऱ्याने नाकाचे अस्तर पातळ होऊन झिजणार नाही का? ही शंका सर्वप्रथम मायगिंड यांच्यासारख्या फवारा रूढ करणाऱ्यांनीच घेतली, हे मला विशेष वाटते. १९७८ साली त्यांनी दीर्घकाळ बेक्लोमेथासोन घेणाऱ्यांच्या नाकातील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. फिनलंडमध्ये अस्तराचे तुकडे काढून तपासले गेले, त्याचे निष्कर्ष १९८२ साली आले. बुडेसोनाइड घेणाऱ्या रुग्णांवर साडेपाच वर्षे नजर ठेवली गेली, तो अहवाल १९८८ सालचा. मोमेटासोनबाबत १९९८ साली बारमाही अ‍ॅलर्जीच्या रुग्णांच्या नाकातील तुकडे उपचारापूर्वी आणि वर्षभराच्या उपचारानंतर काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कुठेही अस्तर झिजलेले आढळले नाही. उलट, सततच्या दाहाने बिघडलेले अस्तर थोडे पूर्ववत होताना दिसले.

असे का व्हावे? कातडी कोरडी, थरावर थर असलेली. मलम तिच्यावर तासन् तास बसते. नाकाच्या अस्तरावर मात्र शेंबडाची एक चादर अखंड मागे, घशाकडे सरकत असते. पेशींवरचे केस ती वल्हवतात. फवाऱ्याचा मोठा भाग अर्ध्या तासाच्या आत घशात उतरतो आणि आपण तो गिळतो. गिळलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते, आणि नव्या स्टिरॉइडची खरी करामत इथे आहे. यकृत ती पहिल्याच फेरीत मोडून टाकते. बुडेसोनाइडचा साधारण तिसरा हिस्सा रक्तात पोचतो; फ्लुटिकासोनचा दोन टक्क्यांहून कमी, मोमेटासोनचा एक टक्क्याहूनही कमी.

वर्गात करण्याजोगे एक गणित पाहू. फ्लुटिकासोनची मोठ्या माणसाची रोजची नेहमीची मात्रा २०० मायक्रोग्रॅम. त्याचे दोन टक्के म्हणजे ४ मायक्रोग्रॅम. दम्याच्या झटक्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, त्यांतली ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि ती जवळजवळ सारी रक्तात जाते. नुसती वजने ताडून भागत नाही, हे खरे. फ्लुटिकासोन वजनाच्या मानाने कितीतरी पट प्रबळ आहे. पण तो फरक जमेस धरूनही दोन्हींमधली दरी बुजत नाही.

या पहारेकऱ्यालाच कोणी बांधून ठेवले तर? एचआयव्हीवरील रिटोनावीर हे औषध यकृतातले नेमके ते विकर बंद पाडते, जे फ्लुटिकासोन मोडते. असे दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्या काही रुग्णांचे चेहरे केवळ नाकातल्या फवाऱ्याने वाटोळे झाले, ग्रंथी दबल्या. बुरशीवरील इट्राकोनॅझोलसारख्या औषधांचाही असाच अडथळा होतो. फवारा लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपली इतर औषधे सांगायची ती यासाठी.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलांच्या वाढीचा. २००० साली अमेरिकेत सहा ते नऊ वर्षांच्या १०० मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षभर रोज दोनदा बेक्लोमेथासोनचा फवारा, निम्म्यांना औषध नसलेला फवारा. कोणाला काय मिळते हे ना मुलांना ठाऊक, ना मोजणाऱ्यांना. औषध नसलेली मुले वर्षात सरासरी ५.९ सेंटिमीटर वाढली, औषध घेणारी ५ सेंटिमीटर. फरक नऊ मिलिमीटरचा. त्याच वर्षी मोमेटासोनवर असाच प्रयोग झाला, त्यात वाढ मंदावलेली दिसली नाही. ट्रायमसिनोलोनच्या फवाऱ्याने २०१५ सालच्या अहवालानुसार वर्षाला साडेचार मिलिमीटरच्या आसपास फरक पडला. म्हणजे या बाबतीत सगळे फवारे सारखे नाहीत. फवाऱ्याच्या वेष्टनावर वाढीविषयी इशारा छापण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ सालीच सांगितले होते. त्याच प्रशासनाने २०१३ साली ट्रायमसिनोलोनचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, पण वाढीचा इशारा वेष्टनावर ठेवूनच.

डोळ्यांत काचबिंदू वा मोतीबिंदू वाढतो का, याचेही आढावे झाले. नाकातील नेहमीच्या मात्रेने धोका वाढल्याचे त्यांत दिसत नाही. तरी ज्याला आधीच काचबिंदू आहे त्याने डोळ्यांचा दाब तपासून घेत राहावे हे बरे. हे सगळे सांगताना एक कबुली दिली पाहिजे. यांतले बरेच प्रयोग औषध बनवणाऱ्यांच्याच खर्चाने झाले आहेत आणि ते बहुतेक वर्षभराचे आहेत. वीस-वीस वर्षे फवारा मारणाऱ्यांविषयी आपण जे म्हणतो, ते बहुतांशी पन्नास वर्षांच्या सार्वत्रिक वापरातून आलेल्या अनुभवावर. तो अनुभव आश्वासक आहे, पण अनुभव आणि प्रयोग यांतला फरक विज्ञानाच्या शिक्षकाला सांगायला नको.

नित्याची कुरकुर असते ती नाकातून रक्ताचा डाग येण्याची. औषध नसलेल्या फवाऱ्यानेही काहींना ती होते. पुष्कळदा कारण एवढेच, की फवाऱ्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखलेले असते. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारले की धार आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे जाते. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची, आणि जोराने ओढायचे नाही. ओढले की सारे घशात.

आणि 'सवय लागते' हे? मामांनी ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण दुसऱ्या बाटलीची. सर्दीत नाक चटकन मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब रक्तवाहिन्यांना चिमटा काढतात. पाच मिनिटांत नाक मोकळे! पण आठवडाभराच्या वर वापरले तर थेंबांचा अंमल उतरताच वाहिन्या आधीपेक्षा अधिक फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणे. वर्षानुवर्षे उशाशी ती बाटली ठेवून झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. स्टिरॉइडचा फवारा याच्या उलट वागतो. तो पेशीतल्या ग्राहीला चिकटून जनुकांचे काम बदलतो, दाह घडवणारी प्रथिने कमी बनू लागतात. म्हणून पहिल्या दिवशी काही कळत नाही आणि पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. बंद केला तर जुना त्रास परत येतो, कारण गादीतले माइट कुठे गेलेले नसतात. पण पूर्वीपेक्षा अधिक चोंदत नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, औषधाच्या दुकानात एकाच फळीवर. बाटलीवरचे बारीक अक्षरातले नाव वाचल्याशिवाय त्या ओळखू येत नाहीत.

या साऱ्यातले जेवढे जमले तेवढे मी त्या मामांना सांगितले. ते घाऊक व्यापारी. हिशेब त्यांना लगेच कळतो, त्यामुळे ४ आणि ५,००० चे गणित त्यांना पटले. मुलगी परत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फवारा पुन्हा सुरू केला, नाक मोकळे राहते आहे असे दिसल्यावर मात्रा निम्मी केली आणि तीन महिन्यांनी दाखवायला सांगितले. गादी उन्हात टाका, उशीचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा, हेही सांगितले. परीक्षेचे पेपर तिने जागेपणी लिहिले.

तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत तिसरीत आहे. त्यालाही आता हाच त्रास, हाच फवारा. दर जूनमध्ये आपण मुलांची उंची मोजून नोंदवहीत लिहितो आणि वही कपाटात ठेवून देतो. यंदा मी त्याच्या तीन वर्षांच्या उंचीचे आकडे एका कागदावर उतरवून त्याच्या आईला दिले आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितले. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले आहे. वर्गातल्या भिंतीवर पट्टी आहेच.